फळ्या चिकटवण्याआधीचा फोटो : नौपाड्याच्या चौकटींतून झालेल्या एका टेबलाचं प्रकरण

ठाण्यात नौपाडा, चरई, घंटाळी या भागांत एखादी जुनी इमारत पुनर्विकासासाठी रिकामी झाली, की पाडकामाचा ठेकेदार सगळ्यात आधी दारं-खिडक्या काढून घेतो. पैसा तिथेच असतो. त्या काळच्या चौकटी बहुतेक सागाच्या, आणि तो साग आज वखारीत मिळणाऱ्या कोवळ्या सागापेक्षा जास्त घट्ट रेषांचा. हे लाकूड भंगारात जाताना पाहून हळहळणारे पुष्कळ असतात. स्वतःच्याच घराच्या चौकटी ठेकेदाराकडून पैसे देऊन परत विकत घेणारं माणूस मात्र मी एकच पाहिलं. हे प्रकरण त्यांचं आहे.

गटात आम्ही त्यांना ताई म्हणतो. वय चाळिशीच्या पुढे, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत हिशेबाचं काम, आणि इमारत पुन्हा उभी राहीपर्यंत कासारवडवलीला भाड्याचं घर. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. लाकडाचे आणि मापांचे तपशील जसे होते तसेच ठेवले आहेत. हौशी सुतारकाम त्या काही वर्षं करत होत्या. रंधा चालवता येत होता, पटाशीला धार लावता येत होती. मुलगा दहावीत जाणार होता आणि त्याच्यासाठी या चौकटींतून अभ्यासाचं टेबल करायचं होतं: लांबी १२०० मिलिमीटर, रुंदी ६००, उंची ७५०. काम फक्त शनिवार-रविवारी, घराच्या गॅलरीत आणि सोसायटीच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत. सुरुवात फेब्रुवारीत झाली. म्हणजे टेबल पूर्ण होणार पावसाच्या तोंडावर, आणि या गोष्टीला पुढे फार महत्त्व आलं.

ठाणे-नवी मुंबईतल्या हौशी सुतारकाम करणाऱ्यांचा आमचा एक व्हॉट्सअॅप गट आहे. तो सांभाळणाऱ्यांपैकी मी एक. चालू काम लोकांपुढे कधी, कुठे आणि किती मांडायचं, हा प्रश्न गटात प्रत्येकाला कधी ना कधी पडतो. ताईंच्या टेबलाच्या निमित्ताने तो पहिल्यांदा नीट सोडवला गेला, म्हणून हे सविस्तर लिहून ठेवतो आहे.

एकच फोटो, तीन ठिकाणी

सुरुवातीला त्या एकच फोटो तीन ठिकाणी टाकत. आमच्या गटात, स्वतःच्या इन्स्टाग्रामवर, आणि जुन्या इमारतीतल्या रहिवाशांच्या गटात. हे अगदी साहजिक होतं. फोटो काढलेलाच आहे, पाठवायला किती वेळ लागतो?

पण तिन्हीकडून येणारं उत्तर वेगळ्याच जातीचं असे. इन्स्टाग्रामवर टाळ्या, बदाम आणि 'ऑर्डर घेता का?' रहिवाशांच्या गटात आठवणी. आमच्या गटात मधूनच एखादा खरा कामाचा सल्ला. तोही सुप्रभात, सणांच्या शुभेच्छा आणि 'जुना ड्रिल विकणे आहे' यांच्या गर्दीत संध्याकाळपर्यंत वर सरकून जाई. चार दिवसांनी कोणी नवा माणूस काही विचारी, तेव्हा त्याला लाकूड कुठलं, माप काय, आधी काय ठरलं, यातलं काहीच ठाऊक नसे. ताई पुन्हा पहिल्यापासून सांगत. दोन-तीनदा सांगून कंटाळल्या की नुसता अंगठा पाठवत.

त्यांना लोकांकडून तीन गोष्टी हव्या होत्या आणि त्या तिन्ही वेगळ्या होत्या. जाणकारांकडून मदत हवी होती. ज्या घरात लहानाचे मोठे झाले त्या घराचं लाकूड कुठे गेलं, हे भावंडांना आणि शेजाऱ्यांना दाखवायचं होतं. आणि पुढेमागे थोड्याफार ऑर्डरी मिळाल्या तर हव्याच होत्या. ही तिसरी इच्छा बोलून दाखवायला त्या संकोचत. माझ्या मते त्यात संकोचण्यासारखं काहीच नाही. फक्त तीन गरजा एकाच फोटोवर लादल्या की तो फोटो सगळ्यात जोरकस गरजेचा होतो, आणि फोनवर सगळ्यात जोरकस असते ती टाळी.

सगळ्यात जास्त पाहिलं गेलेलं रील

चौकटींवर ऑइल पेंटचे थरावर थर होते. वर पांढरा, खाली हिरवा, त्याखाली चॉकलेटी. भाच्याने सुचवलं, "मावशी, सँडरने रंग उडताना दाखव, खाली लाकूड उघडं पडतं ना, ते लोकांना आवडतं." आणि आवडलंच. ऑर्बिटल सँडर, म्हणजे फिरत्या सँडपेपरचं यंत्र, फिरतोय, हिरव्या रंगाची धूळ उडतेय, खालून सोनेरी साग वर येतोय. त्यांच्या सगळ्या रीलपैकी हे सर्वात जास्त लोकांनी पाहिलं.

तेच रील कोणीतरी आमच्या गटात पुढे पाठवलं. ऐरोलीचे एक सदस्य रंगाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी गटात काही न लिहिता ताईंना थेट फोन केला. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची दाट शक्यता असते. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये निघाले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. पन्नास वर्षांपूर्वीच्या चौकटीवरच्या रंगाला यातलं काहीच लागू नव्हतं. असा रंग कोरडा घासला की शिशाची बारीक धूळ श्वासातून आणि हातांवाटे पोटात जाते, आणि लहान मुलांना तिचा धोका सर्वाधिक. रीलमध्ये मागे दोरीवर कपडे वाळत होते. त्यांची नजर नेमकी तिथे गेली होती.

ताईंनी सँडर त्या दिवशीच थांबवला. उरलेला रंग पाण्याचा फवारा मारून, ओला करून खरवडला. खाली प्लॅस्टिक अंथरलं, एन-९५ मास्क लावला, आणि फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसली. कपडे पुन्हा धुतले. रीलचं काय करायचं यावर गटात बराच काथ्याकूट झाला. काहींचं म्हणणं, खाली सूचना लिहा आणि राहू द्या. ताईंनी ते काढून टाकलं आणि त्या जागी ओल्या खरवडण्याचा, कारणासकट साधा व्हिडिओ टाकला. तो फारसा कोणी पाहिला नाही. मला त्यांचा निर्णय पटतो. हालतं चित्र पाहून माणूस हात कसा चालवायचा ते शिकतो, खालची सूचना तो वाचेलच असं नाही.

या प्रसंगातून एक बाजू अशीही दिसली, की रील नसतं तर ती धूळ कोणाच्याच लक्षात आली नसती. चालू काम उघड्यावर आणण्याचा हा खरा फायदा आहे. हातातल्या कामाच्या आजूबाजूला काय चाललंय, हे करणाऱ्याला दिसत नाही आणि पाहणाऱ्याला दिसतं.

शनिवारचा फोटो

रंग निघाल्यावर खिळे. जुनं लाकूड सॉ मिलवाले सहजासहजी घेत नाहीत, कारण आत राहिलेल्या एका खिळ्याने बँडसॉचं पातं जातं. ताईंनी ताकदीचं लोहचुंबक दोऱ्याला बांधून प्रत्येक चौकटीवरून फिरवलं. सागात लोखंड गंजलं की आजूबाजूचं लाकूड काळं पडतं, त्यामुळे तुटून आत राहिलेले खिळेही त्या काळ्या डागांवरून सापडले. डोकं उडालेला खिळा काढायला आजूबाजूला पटाशीने कोरून पक्कड घालावी लागते, आणि पडलेला खड्डा नंतर त्याच लाकडाच्या बुचाने भरावा लागतो. हे काम आठवडेच्या आठवडे चाललं. त्याचा फोटो जवळजवळ एकही आला नाही.

चौकटीची जाडी साधारण १०० बाय ७५ मिलिमीटर. मिलमध्ये ७५ च्या बाजूने चिरून प्रत्येकीतून तीन-तीन फळ्या निघाल्या, रंधून सुमारे २० मिलिमीटर जाडीच्या. एका शनिवारी फळ्या घरी आल्या आणि रविवारी ताईंनी त्यातल्या तीन कडेला कड लावून चिकटवल्या. क्लॅम्प लावलेल्या फळ्यांचा फोटो सुंदर होता: फटीतून बाहेर आलेले फेव्हिकॉलचे पांढरे मणी, एका ओळीत क्लॅम्प, सकाळचं ऊन. आमच्या गटातही सगळ्यांनी वाहवा केली.

पुढच्या रविवारपर्यंत तो जोड वाकला होता. मध्ये खोल, दोन्ही कडा वर. सपाट पट्टी आडवी ठेवली की मध्ये चांगली दोन-तीन मिलिमीटरची फट.

आता आमच्या गटातल्या एका काकांबद्दल. ते वागळे इस्टेटमध्येच एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. ओतकामासाठी आधी वस्तूची लाकडी प्रतिकृती करावी लागते, ती करणारे कारागीर. ओतीव लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून प्रतिकृती तेवढी मोठी करायची, आणि त्यासाठी वाढीव मापाची वेगळी पट्टीच वापरायची. लाकडाचा दोन सुतांचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फरक ज्यांच्या कामात खपला नाही, असा हा माणूस. टाइप करायला त्यांना आवडत नाही, व्हॉइस नोट पाठवतात. त्यांनी ताईंना एवढंच विचारलं, "ताई, फळ्या मिलमधून कधी आणल्या होत्या तुम्ही?" आणि उत्तर ऐकून म्हणाले, हे मी शनिवारीच विचारलं असतं, पण शनिवारचा फोटो आलाच नाही.

लाकूड पन्नास वर्षं जुनं असलं तरी जाड तुकडा चिरला की आतला भाग पहिल्यांदाच हवेला उघडा पडतो. आतली ओल आणि आतला ताण वेगळा असतो. चिरलेल्या फळ्या मध्ये बारीक पट्ट्या देऊन, थरावर थर रचून, निदान दोन-तीन आठवडे हवेशीर ठेवायच्या. काय वाकायचं ते वाकू द्यायचं, मग रंधा मारून सपाट करायचं, आणि मगच चिकटवायचं. हे गटातल्या निदान पाच-सहा जणांना माहीत होतं. गॅलरीच्या कोपऱ्यात पडलेल्या फळ्यांचा ओबडधोबड फोटो शनिवारी आला असता, तर कोणीतरी नक्की बोललं असतं. पण तो फोटो दाखवण्यासारखा वाटला नव्हता.

जोड कापून काढावे लागले, कडा पुन्हा रंधाव्या लागल्या. रुंदी कमी झाली, म्हणून सहाऐवजी सात फळ्या घ्याव्या लागल्या.

काम दाखवायची वेळ कोणती

यानंतर ताईंनी जे केलं, ते मला या प्रकरणातलं सर्वात शहाणपणाचं पाऊल वाटतं. हिशेबात मुरलेलं माणूस असल्यामुळे त्यांनी आधी उरलेल्या कामाची यादी केली, आणि जिथून मागे फिरता येणार नाही अशा जागांवर खूण केली. उरलेल्या फळ्या चिकटवणं. पायांना खाचा पाडणं. वरचा भाग खालच्या चौकटीला बसवणं. पॉलिश. बाकीच्या कामांत चूक झाली तर दुरुस्त होते. या चार जागी झाली तर लाकूड जातं.

ठरलं असं, की आमच्या गटात फोटो फक्त या जागांच्या अलीकडे टाकायचा. काम झाल्यावर टाकायचा नाही. आणि प्रश्न टाकल्यापासून उत्तरासाठी पूर्ण आठवडा द्यायचा, कारण काम तसंही शनिवार-रविवारीच होत होतं. वाट पाहण्यात त्यांचं काहीच जात नव्हतं.

दुसरं, त्यांनी एक वही उघडली. गुगल डॉक्समधलं साधं पान, तारखेवार. लाकूड कुठलं, मापं काय, कोणत्या दिवशी काय केलं, फोटो. ते पान सगळ्यांना वाचता येई, बदलता फक्त त्यांना. व्हॉट्सअॅपवर पिन केलेला संदेश जास्तीत जास्त तीस दिवस टिकतो, म्हणून मी त्या पानाची लिंक गटाच्या वर्णनातच टाकली. आता नव्या माणसाला पहिल्यापासून सांगायची गरज उरली नाही.

टेलिग्रामवर जाऊ या, असा एक प्रस्ताव याच वेळी आला होता. तिथे नव्या सदस्याला जुनी चर्चा वाचता येते, ही त्याची मोठी सोय. पण काकांसारखे चार-पाच जण तिकडे आलेच नसते, आणि ज्यांच्या सल्ल्यासाठी हा सगळा खटाटोप, तेच मागे राहिले असते. इन्स्टाग्रामची स्टोरी २४ तासांत जाते, त्यामुळे आठवडाभर उघड्या ठेवायच्या प्रश्नाला ती निरुपयोगी. लोक जिथे आधीच आहेत तिथेच विचारायचं आणि नोंद मात्र दुसरीकडे ठेवायची, ही विभागणी साधी होती आणि टिकली.

प्रश्न कसा मांडायचा, हेही हळूहळू घडत गेलं. वरचा भाग बसवण्याआधी त्यांनी टाकलेला संदेश मी जपून ठेवला आहे:

"टेबलाचा वरचा भाग तयार. सागाच्या सात फळ्या, रुंदी ६०० मिमी, जाडी २० मिमी. खालची चौकटही तयार. वरचा भाग चारी बाजूंनी स्क्रूने घट्ट आवळायचा विचार आहे, म्हणजे तो वाकणार नाही. पावसाळ्यात याला काही होईल का? फळ्यांच्या टोकांचे फोटो जोडले आहेत. येत्या रविवारी बसवणार, तोवर सांगा. आधीचं सगळं वहीत आहे."

यात माप आहे, काय करायचा विचार आहे ते आहे, का ते आहे, शंका नेमकी आहे, आणि मुदत आहे. 'कसं वाटतंय?' असं विचारलं की 'छान' एवढंच उत्तर येतं. मी अमुक करणार आहे असं सांगितलं की ज्याला ते चुकीचं वाटतं तो गप्प बसू शकत नाही.

फोटोही बदलले होते. पूर्वी समोरून, उजेडात, देखणे. आता शेजारी स्टीलची पट्टी ठेवलेली, बाजूने टॉर्च मारून काढलेले, म्हणजे खाचखळगे सावलीत उठून दिसतात. आणि फळीच्या टोकाचा आडवा छेद हटकून. काका पहिल्यांदा तोच मागत. टोकाला वर्षवलयं कशी दिसतात त्यावरून फळी पावसात किती आणि कुठल्या बाजूला हलेल हे कळतं. फळीचं तोंड कितीही सुंदर दिसलं तरी त्यावरून ते समजत नाही.

या संदेशाला आलेली उत्तरं वाचताना मला गटाचा अभिमान वाटला. खारघरच्या एकाने कोरड्या हवेच्या परदेशातला व्हिडिओ पाहून सांगितलं, फार काळजी नको, मिलिमीटरभर जागा सोडा. दुसऱ्याने हिशेब मांडला. ठाण्यात कोरड्या महिन्यांत हवेतली आर्द्रता ६० ते ६५ टक्के धरली तर लाकडात ओल साधारण ११-१२ टक्के स्थिरावते. पावसाळ्यात हवा ८५ टक्क्यांवर गेली की ती १७-१८ पर्यंत चढते. चपट्या कापाचा (टोकाला वर्षवलयं आडवी दिसतात तो) साग ओलीच्या दर एका टक्क्याला रुंदीत सुमारे ०.१९ टक्के फुगतो. सहा टक्के ओल वाढली तर ६०० मिलिमीटरची फळी साडेसहा ते सात मिलिमीटर वाढणार. उभ्या कापाची (वलयं उभी दिसतात ती) असेल तर त्याच्या निम्मी. लांबीत जवळजवळ काहीच नाही. चारी बाजूंनी स्क्रूने आवळलेलं लाकूड ही वाढ कुठे नेणार? एक तर ते मध्ये उचललं जाईल, नाही तर हिवाळ्यात आकसताना चिरेल.

काकांनी टोकांचे फोटो पाहून सांगितलं, सातपैकी पाच फळ्या चपट्या कापाच्या आहेत, हिशेब धरून चाला. तोडगा त्यांचाच. मधल्या रेषेत दोन स्क्रू पक्के. कडेच्या स्क्रूंना खालच्या चौकटीत गोल भोक न पाडता रेषांना आडवी लांबट भोकं पाडायची, वायसर घालायचं, आणि आवळताना हात राखून आवळायचं. मधली रेष जागेवर राहील, दोन्ही कडा मोकळेपणी बाहेर-आत होतील. शिवाय एक काम सांगितलं: टेबलाच्या आखूड बाजूच्या आडव्या पट्टीवर, वरचा भाग जिथे संपतो तिथे आतून पेन्सिलची बारीक रेघ मारा, शेजारी तारीख घाला, आणि ऑगस्टमध्ये पाहा.

ताईंनी वहीत लिहिलं: काकांचा सल्ला घेतला, मिलिमीटरभर जागेचा सल्ला घेतला नाही, कारण तो कोरड्या हवेचा आहे, आणि हिशेब मांडणाऱ्यामुळे निर्णय सोपा झाला. प्रत्येक टप्प्यावर त्या असं लिहीत. माझ्या अनुभवात चालू काम मांडणारे नेमकं इथेच कमी पडतात. सल्ला देणाऱ्याला आपल्या सल्ल्याचं काय झालं ते कळलं, तर तो पुढच्या वेळीही वेळ काढतो. ज्याचा सल्ला घेतला नाही त्यालाही कारण कळलं तर राग येत नाही. खारघरचे ते सदस्य आज आर्द्रतेवर गटात सर्वात जास्त प्रश्न विचारतात.

सुतारांना न विचारायचा प्रश्न

एका चौकटीच्या आतल्या अंगाला, रंग न लागलेल्या पट्ट्यात, पेन्सिलच्या आडव्या खुणा होत्या. मुलांच्या उंचीच्या. शेजारी वर्षं आणि आद्याक्षरं, काही पुसट, काही ठळक. सर्वात खालची खूण गुडघ्याच्या थोडी वर. रंध्याचा एक हात फिरवला असता तर ढलपीबरोबर सगळं गेलं असतं.

ताईंनी हा फोटो आमच्या गटात टाकलाच नाही, आणि ते बरोबर होतं. आम्ही सांध्याबद्दल आणि पॉलिशबद्दल बोललो असतो. त्यांनी तो रहिवाशांच्या गटात टाकला आणि विचारलं, हे ठेवू का? आद्याक्षरांतल्या एकाचं बालपणीच निधन झालं होतं, आणि त्याची आई आता बदलापूरला राहते, हे त्यांना तिथेच कळलं. ती चौकट ताईंच्या घराची नव्हतीच. पाडकामात दोन घरांच्या चौकटी मिसळल्या होत्या.

तो तुकडा कापून, मागून आधाराची फळी लावून, खुणांवर फक्त चपड्याचा (लाखेच्या पॉलिशचा) पातळ हात देऊन त्या आईंना पोचवला गेला. टेबलाच्या एका पायाला लाकूड कमी पडलं, ते वखारीतून आणलं. त्याचा फोटो, ठरवून, कुठेही गेला नाही.

कोणता प्रश्न कोणाचा आहे हे आधी ओळखायचं, हे ताईंना कोणी शिकवलं नव्हतं. तीन ठिकाणी एकच फोटो टाकायची सवय मोडली नसती, तर हे घडलं नसतं असं मला वाटतं.

जे केलं नाही

सुरुवातीला सर्क्युलर सॉचा आवाज असलेलं एक रील सोसायटीच्या गटात फिरलं आणि समितीने विचारणा केली. काम दुपारचं होतं, आणि ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांतली रात्री दहा ते सकाळी सहा ही वेळ टळलेली होती. पण निवासी भागाची दिवसाची ५५ डेसिबलची मर्यादा असल्या करवतीपुढे कुठे टिकणार? ताईंनी वाद घातला नाही. मोठा काप मिलमध्ये, घरी हाताची करवत. त्यानंतर इमारतीचं नाव, गॅलरीतून दिसणारा रस्ता आणि मुलाचा चेहरा कोणत्याच फोटोत आला नाही.

थेट प्रक्षेपणाचा हट्ट भाच्याने धरला होता. करवत हातात असताना लक्ष दुसरीकडे नको, म्हणून तो तिथेच संपला. एका हत्यार विक्रेत्याने क्लॅम्प फुकट देऊ केले, फक्त रीलमध्ये नाव घ्या म्हणाला. जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशी देवाणघेवाण उघड सांगावी लागते, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी क्लॅम्प विकत घेतले.

रील मात्र सोडलं नाही, आणि तेही योग्यच. एखादा टप्पा पुरा झाला की एक रील. तिथे प्रश्न नाही, सल्ला मागणं नाही, झालेलं काम नीट दाखवायचं. त्यातून दोन नवे सदस्य आमच्या गटात आले आणि एक देव्हाऱ्याची ऑर्डर आली.

ऑगस्ट आणि नंतर

टेबल मेअखेरीस उभं राहिलं. बहुतेकांचं सांगणं इथे संपतं. तयार वस्तूचा फोटो येतो, अभिनंदन होतं, पुढचं काम सुरू. ताईंनी ऑगस्टमध्ये, चार दिवस संततधार लागलेली असताना, टेबलाखाली आडवं पडून पेन्सिलच्या रेघेचा फोटो काढला. दोन्ही बाजूंना कड रेघेच्या सुमारे दोन मिलिमीटर पुढे गेली होती. वरचा भाग सपाट होता. मेमधल्या दमट हवेत बसवल्यामुळे वाढ पूर्ण वर्षाच्या हिशेबापेक्षा कमी, हेही जुळत होतं. जानेवारीत पुन्हा फोटो आला. कड रेघेच्या आत.

अंधारातला, धुरकट, एका पेन्सिलच्या रेघेचा तो फोटो आमच्या गटात आजवर सर्वात जास्त वेळा पुढे पाठवला गेला आहे. आता चार-पाच जण आपापल्या टेबलांखाली रेघा मारतात. घणसोलीच्या एकाने बंदरातून आलेल्या पाइनच्या पॅलेटचं, म्हणजे माल रचायच्या लाकडी तळाचं, बाक केलं, त्याच्याही रेघेचे फोटो येतात. पॅलेटवर 'एचटी' शिक्का आहे ना, म्हणजे रसायनाची धुरी न देता उष्णता देऊन निर्जंतुक केलंय ना, हे त्याने चिरण्याआधी गटात फोटो टाकून विचारलं होतं.

सध्या ताई देव्हाऱ्याच्या कामाबरोबर आणखी एक काम करत आहेत. काकांच्या व्हॉइस नोटा शोधता येत नाहीत, आणि त्यांत फाउंड्रीतलं आयुष्यभराचं शिक्षण आहे. काकांच्या परवानगीने त्या एकेक ऐकून वहीत टाइप करतात. काकांची अट एकच: टाइप केलेलं आधी त्यांना वाचून दाखवायचं. ते मापं सुतात सांगतात आणि वहीत मिलिमीटर जातात, आणि एक सूत म्हणजे तीन मिलिमीटर असं ढोबळ धरलं, की आठ सुतांत जवळजवळ दीड मिलिमीटर कमी पडतो.